खाईन तर तुपाशी

‘खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी’ ही म्हण आपण हट्टी माणसाला उद्देशून वापरतो. पण वजन उतरविण्याचे जे दोन मार्ग आज आपल्या भागात सर्वांत अधिक बोलले जातात, त्यांचे वर्णन या म्हणीने अगदी नेमके होते. एक मार्ग तुपाशी खाण्याचा. भाकरी, पोळी, भात, साखर, बटाटा जवळजवळ बंद करायचे आणि तूप, लोणी, पनीर, अंडी, मटण यांवर भूक भागवायची. याला ‘किटो’ आहार म्हणतात. दुसरा मार्ग उपाशी राहण्याचा; दिवसातून दोनदाच जेवायचे आणि मध्ये तोंड बंद. जिंतूरच्या एस.टी.त आणि गंगाखेडच्या बाजारातही हल्ली ही चर्चा चालते. मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस, वैद्यकी माझी नव्हे. पण ताट आणि खिसा यांचा संबंध आला की अर्थशास्त्रालाही थोडे बोलता येते.

तूप खाऊन वजन उतरते, हे ऐकायला उलटे वाटते. मग ते घडते कसे? भाकरीतले पिष्ट पोटात गेले की त्याची साखर होते आणि ती रक्तात उतरते. ती पेशींच्या घरात पोचविण्याचे काम स्वादुपिंडातून निघणारे इन्शुलिन करते. लगेच न लागणारी साखर यकृतात आणि स्नायूंत साठते. ही कणगी लहान, सारी मिळून सुमारे अर्धा किलोची. ती भरली की उरलेल्याची चरबी होते, आणि चरबीच्या कणगीला मात्र तळ नाही. इन्शुलिन भरपूर असते तोवर शरीर चरबीला हात लावीत नाही. पिष्ट अगदी कमी केले तर इन्शुलिन उतरते, साखरेची कणगी रिकामी होते आणि शरीराला चरबी जाळावी लागते. त्या जळणातून ‘किटोन’ नावाचे पदार्थ तयार होतात, त्यावरून हे नाव पडले.

येथे एक गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. साठलेल्या एक ग्रॅम साखरेबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. साखर गेली की ते पाणीही जाते. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो वजन उतरले म्हणून जो आनंद होतो, तो बराचसा लघवीवाटे गेलेल्या पाण्याचा असतो. चार दिवस भाकरी खाल्ली की ते परत येते.

हा शोध नवा नाही. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचा अंत्यविधीचे साहित्य पुरविणारा एक लठ्ठ व्यावसायिक होता. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याने पाव, साखर, बिअर आणि बटाटे सोडले, वर्षभरात त्याचे वीसेक किलो वजन उतरले, आणि १८६३ साली त्याने त्यावर एक पुस्तिका छापली. स्वीडिश भाषेत वजन कमी करण्यासाठी पथ्य पाळणे याला आजही ‘बांता’ हे त्याच्या आडनावावरून आलेले क्रियापद आहे. किटो हे नाव पुढे १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी दिले, तेही लठ्ठपणासाठी नव्हे. अपस्माराच्या, म्हणजे फिट येणाऱ्या रोग्यांसाठी. औषधांना न जुमानणाऱ्या अपस्मारात मुलांना हा आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली आजही देतात.

आता आपल्या ताटाकडे वळू. किटो आहारात दिवसभराचे पिष्ट साधारण २० ते ५० ग्रॅम एवढेच चालते. जोवारीच्या १०० ग्रॅम पिठात पिष्ट सुमारे ७० ग्रॅम, प्रथिने १० आणि स्निग्धांश अवघा २ ग्रॅम. आपल्याकडची एक भाकरी ७५ ग्रॅम पिठाची धरली तर तिच्यात पिष्ट झाले ५० ग्रॅमच्या वर. म्हणजे सकाळी एक भाकरी मोडली की दिवसाचा कोटा संपला! वरण नाही, पेरू नाही, धपाटे तर नाहीच नाही. अशा घरात हा आहार महिना दोन महिने चालतो, मग एखादे लग्न येते, हुरडा येतो आणि व्रत मोडते. २०१८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ माणसांवर वर्षभर प्रयोग केला. एका गटाने स्निग्ध पदार्थ कमी केले, दुसऱ्याने पिष्ट. वर्षाअखेर पहिल्याचे सरासरी ५.३ किलो आणि दुसऱ्याचे ६ किलो वजन उतरले होते. फरक नाव घेण्यासारखा नाही. जो आहार माणसाला टिकवता आला, तोच त्याला फळला.

उपाशी मार्गाचा आपल्याकडे प्रसार झाला तो डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्यामुळे. डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांच्या व्याख्यानातील विचार त्यांनी पुढे नेला. खाल्ले की इन्शुलिन स्रवते, म्हणून दिवसात दोनच वेळा खा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मध्ये पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा घ्या, आणि रोज चाला, असा त्यांचा सांगावा. दर दोन तासांनी थोडे थोडे खावे म्हणणाऱ्या आहारतज्ज्ञांशी त्यावर बराच वाद झाला. माझ्या मते या मार्गाचा मोठा गुण असा की त्याला पैसा लागत नाही. त्यात भाकरीला बंदी नाही, आणि दिवसभरातले पाच कप गोड चहा व टपरीवरची भजी मात्र आपोआप सुटतात. आपली एकादशी या कामी उपयोगी नाही, बरं का! साबुदाणा हे निव्वळ पिष्ट, त्यावर बटाटा. लोक ‘दुप्पट खाशी’ म्हणतात ते उगीच नाही.

पण एक धोक्याची गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना कोणी एकाएकी भाकरी बंद केली किंवा जेवण गाळले, तर रक्तातली साखर धोक्याइतकी खाली येऊन माणूस शेतात चक्कर येऊन पडू शकतो. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्या घेत असताना पिष्ट फार कमी केले तर रक्तात आम्ल साचते, आणि साखरेचा आकडा फार वाढलेला नसल्यामुळे ते लवकर ओळखूही येत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेला माणूस, गरोदर आणि अंगावर पाजणारी बाई, वाढत्या वयाची मुले यांनी हे प्रयोग करू नयेत. गोळी कमी करायची ती डॉक्टरांनी, शेजाऱ्याने नव्हे.

‘मी तर वाळका, मला काय होणार?’ असे कोणी म्हणेल. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लंडनचे आपले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासह एक छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! हातपाय काडीसारखे आणि चरबी पोटात, ही आपली घडण. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली मुले तपासली, तेव्हा इंग्लंडमधल्या मुलांपेक्षा ती बरीच हलकी भरली. स्नायू कमी, पण चरबी मात्र राखलेली.

यात आपल्या ताटाचा हात किती? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने २०२३ साली देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. त्याच पाहणीतून २०२५ साली असे दिसले की आपल्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टातून येतात. भाताच्या जागी गहू किंवा भरडधान्य ठेवले, पण एकंदर पिष्ट तेवढेच राहिले, तर धोका कमी झालेला आढळला नाही. पिष्टातला थोडा वाटा काढून तेथे डाळीची किंवा दुधाची प्रथिने आणली, तेथे तो कमी दिसला. ‘जोवारी खा, साखर जाते’ म्हणणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे. जोवारी उत्तम धान्य आहे. पण मोटारसायकलवर शाळेत जाणारे गुरुजी आणि दिवसभर कापूस वेचणारी बाई यांना चार भाकरी सारख्याच पचत नाहीत.

आणि येथेच अर्थशास्त्र येते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य ठरवले. जानेवारी २०२३ पासून ते फुकट मिळते. त्याने भूक भागली, हे थोडे नव्हे. पण फुकट मिळते ते पिष्ट, आणि डाळ, अंडी, दूध विकत घ्यावे लागते. गरिबाचे ताट पिष्टाकडे झुकते ते यामुळे. गंमत अशी की परभणीच्या शिवारात खरिपात सोयाबीन पसरलेले असते. त्याच्या १०० ग्रॅम दाण्यात प्रथिने ३५ ते ४० ग्रॅम. आपण ते पोत्यात भरून मोंढ्यावर नेतो. तेल निघते, पेंड कोंबड्यांना जाते, आणि घरात बाई सर्वांमागून उरलेली भाकरी पाण्यासारख्या कालवणात कुस्करून खाते. सोयाबीन कच्चे पचत नाही. ते उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवून, वाळवून, नऊ किलो जोवारीला एक किलो या हिशोबाने दळले तर भाकरीच्या चवीला फारसा धक्का लागत नाही.

तूप पाहिजे तर थोडे घ्यावे, पण स्निग्धांशासाठी तुपाच्याच मागे लागायला नको. करडईचे तेल आपले आहे; ‘परभणी कुसुम’ हे करडईचे वाण येथल्या कृषी विद्यापीठानेच दिले. जवसाची, कारळाची चटणी आपली आहे. शेंगदाण्याचे मूठभर दाणे, म्हणजे ३० ग्रॅम, सुमारे १७० उष्मांक देतात. ते भाकरीच्या जोडीला नव्हे, एका भाकरीच्या जागी घ्यायचे, हे मात्र विसरायचे नाही. बैठे काम करणाऱ्याने चारांच्या दोन भाकरी कराव्यात, वरण घट्ट करून दुप्पट घ्यावे, अंडे चालत असेल तर एक अंडे, नाहीतर वाटीभर दही, आणि अंबाडी, मेथी, जी पालेभाजी मिळेल ती भरपूर.

गुणदोष पाहायला मोठे यंत्र लागत नाही. शिंप्याची टेप आणा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, ती पोटाभोवती धरा. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० च्या वर असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तातली साखर तपासून घ्यावी. आणि ताटात काय बदलायचे ते त्यानंतर ठरवावे.