दुखणं शरीराचं, उपचार मनाचाही

मानसशास्त्रज्ञ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हिंदी सिनेमातले शॉक, नाहीतर "याला ठाण्याला पाठवा, येरवड्याला पाठवा" हे विनोद. हॉस्टेलवर कुणी दोन दिवस गप्प बसलं की हा विनोद हमखास होतो. पण मित्रांनो, मानसशास्त्रज्ञ साध्या हॉस्पिटलमध्येही काम करतात. हाडांच्या, हृदयाच्या, कॅन्सरच्या वॉर्डात. ते तिथे काय करतात हे मला घरातल्याच एका आजारपणात कळलं.

आधी एक घोळ मिटवूया. सायकिअॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारांचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो औषधं देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं लिहून देत नाही. मानसशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण, प्रशिक्षण आणि रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी ही त्याची पात्रता. चाचण्या, संवाद आणि विचार-सवयी बदलण्याचे सराव ही त्याची हत्यारं.

आता आपल्या भाषेत. आपल्याला वाटतं, वेदना म्हणजे सेन्सर, वायर आणि डिस्प्ले. जखम झाली, सिग्नल गेला, दुखलं. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी वेगळं मॉडेल मांडलं. मज्जारज्जूत जणू एक गेट असतं आणि मेंदूकडून खाली येणारे सिग्नल ते कमी-जास्त उघडतात. म्हणजे सिस्टिममध्ये फीडबॅक आहे! भीती, लक्ष, झोप यांनी दुखणं वाढतं किंवा कमी होतं. या सिद्धान्तात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण मूळ मुद्दा टिकला. म्हणूनच जुनाट दुखण्याच्या उपचारात श्वासाचे व्यायाम, लक्ष वळवणं, हळूहळू हालचाल वाढवणं हे सगळं येतं.

माझ्या काकांचा पाय अपघातानंतर गुडघ्याखाली कापावा लागला. त्यानंतर त्यांच्या नसलेल्या पायाची बोटं दुखायची. घरात कुणी म्हणालं भास होतात, कुणी म्हणालं मनाचे खेळ. काकांनी मग दुखतंय हे सांगणंच बंद केलं, आणि हळूहळू बोलणंही. हॉस्पिटलमधल्या सायकॉलॉजिस्ट मॅडमनी पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर "तुमचं दुखणं खरं आहे" एवढं सांगितलं. याला फॅन्टम लिंब पेन म्हणतात आणि अवयव गमावलेल्या अनेकांना ते होतं. मग आरसा आला. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात सुचवलेला हा उपाय. चांगला पाय आरशासमोर हलवायचा आणि आरशात 'दुसरा' पाय हलताना पाहायचा. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. काकांचं दुखणं कमी झालं, गेलं नाही. पण मॅडमनी काकूंनाही बसवून समजावलं, आणि घर पुन्हा बोलू लागलं.

बाकीची कामंही अशीच. बायपासनंतर जिना चढायला घाबरणारा पेशंट, केमोथेरपी अर्धवट सोडू पाहणारी बाई, इन्सुलिन टाळणारा मुलगा, स्ट्रोकनंतर स्मरणशक्ती तपासणं, आयसीयूबाहेर ताटकळलेले नातेवाईक. औषध कितीही चांगलं असो, पेशंटने ते घेतलंच नाही तर उपयोग काय?

आणि एक काम आपल्या वयाशी जोडलेलं. आत्महत्येचा प्रयत्न केलेला पेशंट वाचला की डॉक्टरांचं अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं या लोकांचं: त्याच्याशी बोलणं, धोका किती आहे ते पाहणं, घरी गेल्यावर काय करायचं ते ठरवणं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जातं, आणि तिला उपचार देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. गुन्हेगार म्हणून बघायचं नाही.

त्यामुळे शेजारच्या रूममधला कुणी मेसला येत नसेल, रात्रभर जागत असेल, तर विनोद करण्याआधी दार वाजवा. 'टेलि-मानस' ही सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास आणि मराठीतही बोलता येतं. सायकॉलॉजिस्टला सांगितलेलं सहसा गुप्त राहतं, जिवाला धोका असेल अशा काही अपवादांत मात्र ते इतरांना सांगावं लागतं. पाय मुरगळला तर आपण लाजत नाही. मग इथेच कशाला?