विश्लेषण : लाव्हारसाने एक कुंड गिळले, शेजारीच नवी तळी दिली! हवाईतील गरम पाण्याचे गणित काय?

हवाई म्हटले की ज्वालामुखी आठवतात. तेव्हा तिथे गरम पाण्याचे झरे जागोजागी असतील, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते मोजकेच आहेत. त्यांपैकी लोकप्रिय असलेले अहालानुई कुंड २०१८मध्ये लाव्हारसाखाली गाडले गेले. त्याच उद्रेकामुळे जवळच्या पोहोइकी किनाऱ्यावर कोमट पाण्याची नवी तळी तयार झाली. आज पर्यटक तिथे जातात. पण त्या पाण्यात उतरणे कितपत सुरक्षित आहे?

अहालानुई कुंड कसे होते?

‘बिग आयलंड’च्या पूर्व टोकाला पुना नावाचा जिल्हा आहे (पुण्याशी संबंध नाही!). तिथे समुद्रालगत बांध घालून अडवलेले हे कुंड होते. जमिनीखालून कोमट पाणी यायचे आणि बांधातील वाटेने समुद्राचे पाणी आत-बाहेर व्हायचे. तापमान साधारण ३२ अंश सेल्सिअस. खवळत्या लाटांच्या या किनाऱ्यावर लहान मुले आणि वृद्धांना निर्धास्त पोहता येईल, अशी ही दुर्मीळ जागा होती.

२०१८मध्ये काय घडले?

३ मे रोजी लेलानी इस्टेट्स या वसाहतीत जमीन फाटली आणि किलाउआ ज्वालामुखीचा लाव्हारस बाहेर आला. पुढच्या काही आठवड्यांत अशा २४ भेगा पडल्या. सातशेहून अधिक घरे नष्ट झाली. जूनमध्ये कापोहो उपसागर बुजला, तर जुलैमध्ये अहालानुईचा घास गेला.

मग नवी तळी कुठून आली?

लाव्हारस पोहोइकीच्या बोट रॅम्पजवळ येऊन थांबला. तप्त लाव्हारस समुद्रात पडताच त्याचे बारीक तुकडे होतात. तीच काळी वाळू. लाटांनी ती पोहोइकीत आणून टाकली आणि रॅम्प समुद्रापासून तुटला. वाळूमागे अडलेल्या खोलगट जागांत जमिनीखालचे ऊबदार पाणी झिरपू लागले. पर्यटकांना तळी मिळाली, मच्छीमारांचा मात्र धक्का गेला. त्यांना बोटी दूरच्या हिलोहून सोडाव्या लागल्या.

ज्वालामुखी असूनही झरे कमी का?

उष्णतेची कमतरता नाही. १९७६मध्ये पुनात सुमारे दोन किलोमीटर खोल खोदलेल्या विहिरीत ३५० अंशांहून अधिक तापमान आढळले. याच उष्णतेवर तिथे वीजही तयार होते. अडचण खडकाची आहे. हवाईचा तरुण बेसाल्ट सच्छिद्र आणि भेगाळ असल्याने पावसाचे पाणी चटकन खोल मुरते आणि तापलेले पाणीही बहुधा वर न येता किनाऱ्याशी समुद्रात मिसळते. म्हणून इथले झरे किनाऱ्यालगत, कोमट आणि मचूळ असतात.

कोकणातील झऱ्यांपेक्षा हे वेगळे कसे?

वज्रेश्वरी, उन्हवरे, तुरळ येथेही बेसाल्टच आहे. पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच थंड झालेला. तिथले पाणी भेगांतून खोल जाते, पृथ्वीच्या पोटातील नेहमीच्या उष्णतेने तापते आणि वर येते. पुनात मात्र उष्णता जागत्या ज्वालामुखीची आहे.

पाण्यात उतरताना काय काळजी घ्यावी?

पोहोइकीच्या तळ्यांत समुद्राचे पाणी मोकळेपणाने खेळत नाही. कोमट, साचलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात. त्यामुळे अंगावर जखम, ओरखडा किंवा ताजा टॅटू असेल तर पाण्यात उतरू नये. डोके बुडवू नये, पाणी तोंडात जाऊ देऊ नये आणि बाहेर आल्यावर स्वच्छ पाण्याने अंघोळ करावी. मुसळधार पावसानंतर तर काठावरूनच परतावे. पाण्याचे तापमान जागेनुसार बदलते, म्हणून आधी हात घालून पाहावा. सूचनाफलकावर मनाई असेल, तर ती पाळावी.