धातुशोधक काय सांगतो?

मुलांनो, विमानतळावर किंवा एखाद्या मोठ्या कार्यालयाच्या दारात लावलेल्या चौकटीतून जाताना ‘टूं’ असा आवाज झालेला तुम्ही ऐकला असेल. खिशातल्या किल्ल्या किंवा पट्ट्याचे बक्कल यांमुळे तो आवाज होतो. ही चौकट म्हणजे धातुशोधक, अर्थात मेटल डिटेक्टर. याच जातीचे, हातात धरायचेही एक यंत्र असते. लांब दांडा, त्याच्या टोकाला ताटलीएवढी चकती आणि मुठीजवळ एक छोटा पडदा. अमेरिका आणि इंग्लंड या देशांत कितीतरी लोक सुट्टीच्या दिवशी असे यंत्र घेऊन समुद्रकिनाऱ्यावर किंवा शेतात फिरतात. जमिनीत धातू असला, की यंत्र वाजते आणि पडद्यावर एक आकडा उमटतो. खणायचे की पुढे जायचे, हे त्या आकड्यावरून ठरवायचे असते.

हा आकडा येतो कोठून? चकतीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सतत दिशा बदलणारा विद्युतप्रवाह वाहतो, त्यामुळे जमिनीत चुंबकीय क्षेत्र पसरते. ते धातूपर्यंत पोहोचले, की धातूच्या अंगात बारीक प्रवाह भोवऱ्यासारखे फिरू लागतात. या प्रवाहांचेही स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असते आणि दुसरे वेटोळे ते टिपते. जणू यंत्राने हाक मारली आणि धातूने ‘ओ’ दिली! धातू विजेचा जितका चांगला वाहक आणि वस्तू जितकी मोठी व जाड, तितकी ही ‘ओ’ उशिरा येते. यंत्र हा उशीर मोजते आणि त्याचा आकडा करून दाखवते. म्हणजे यंत्राला सोने, चांदी ही नावे मुळीच ठाऊक नसतात.

अनेक यंत्रांवर ० ते ९९ अशी मोजपट्टी असते. लोखंड सर्वांत खाली, त्यावर पातळ चंदेरी कागद, मग थंड पेयाच्या डब्याची कडी, त्यावर जस्त आणि तांबे, आणि जाड चांदी सर्वांत वर. पण प्रत्येक कंपनीची मोजपट्टी वेगळी असते. अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्याला तेथे निकेल म्हणतात. ते एका यंत्रावर ५२ च्या आसपास दिसते, तर दुसऱ्यावर १३. म्हणून दुसऱ्याचे आकडे पाठ करून काही उपयोग नाही. ओळखीची नाणी जमिनीवर ठेवून आपल्याच यंत्राचे आकडे वहीत लिहून काढणे हाच खरा अभ्यास.

नाणे ओळखणे त्या मानाने सोपे. (तुमच्या उर्दूत नाण्याला सिक्का म्हणतात, मराठीत मात्र ‘शिक्का’ म्हणजे ठसा, मोहोर.) एका जातीची सर्व नाणी एकाच धातूची व एकाच मापाची असतात, म्हणून त्यांचा आकडाही ठरलेला. त्यातही गंमत आहे. अमेरिकेचा एक सेंट पूर्वी ९५ टक्के तांब्याचा होता. १९८२ साली तो आतून जस्ताचा आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेला असा झाला. दोन्ही सेंट दिसायला सारखे, पण यंत्र नव्या सेंटला कमी आकडा देते. आपल्याकडचा एकोणिसाव्या शतकातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा. तो मोजपट्टीवर चांगला वर जातो. १९९२ पासूनचा पोलादी रुपया मात्र चुंबकाला चिकटतो, त्यामुळे त्याचा आकडा चटकन समजत नाही.

दागिन्यांचे तसे नाही. सोन्याला ठरलेला आकडाच नाही. सोने मौल्यवान, म्हणून त्याचा आकडाही मोठा असेल, असे तुम्हांला वाटेल. शुद्ध सोने विजेचा उत्तम वाहक आहे हे खरे. पण दागिन्यात दुसरे धातू मिसळलेले असतात. १८ कॅरटच्या अंगठीत सोने केवळ ७५ टक्के. मिश्रणाने तिची वाहकता बरीच घटते. शिवाय अंगठी बारीक असते. म्हणून पुष्कळ अंगठ्यांचा आकडा नेमका डब्याच्या अॅल्युमिनियमच्या कडीजवळ येतो. हो, तेच अॅल्युमिनियम, ज्याच्या पातेल्याला आपण ‘जर्मनचे पातेले’ म्हणतो! एखाद्या बाईची हरवलेली लग्नाची अंगठी शोधायला गेलेला माणूस ‘या कचऱ्याच्या कड्या नकोत’ म्हणून ते आकडे सोडून देतो, तेव्हा अंगठीही वाळूतच राहते. माझ्या मते अशा वेळी दहा कड्या उकराव्या लागल्या, तरी उकराव्यात. अंगठी तुटलेली असेल, तर तिच्यातला गोल प्रवाह खंडित होतो आणि आकडा आणखी खाली जातो. बारीक साखळीची तर प्रत्येक कडी वेगळी ‘ओ’ देते. ती इतकी क्षीण असते, की कधी कधी यंत्र वाजतच नाही.

एकदा आकडा दिसला, की लगेच खणू नये. चकती त्याच जागेवरून आधी पूर्व-पश्चिम आणि मग दक्षिण-उत्तर फिरवावी. गोल नाणे सहसा दोन्ही वेळा सारखाच आकडा देते. गंजलेला खिळा मात्र एका बाजूने चांदी असल्याचे भासवतो आणि दुसऱ्या बाजूने गुरगुरतो. खोल गेलेल्या किंवा उभ्या रुतलेल्या नाण्याचा आकडाही डळमळतो. खारी ओली वाळू स्वतः वीज वाहून नेते आणि कोकणातल्या जांभ्यात लोह भरपूर असते. तेथे यंत्र उगाचच वाजू शकते.

आकड्यावर नव्हे, तर हातोडीवर नजर ठेवून निघालेल्या एका माणसाची हकीकत प्रसिद्ध आहे. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी इंग्लंडमधील हॉक्सन गावी एरिक लॉज हे एका शेतकऱ्याची हरवलेली हातोडी यंत्राने शोधत होते. यंत्र जोरात वाजले आणि खाली निघाला रोमन काळातला ठेवा! त्यांनी थोडे उकरले आणि हात थांबवून अधिकाऱ्यांना कळवले. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी तो नीट बाहेर काढला. सुमारे १५ हजार नाणी आणि सोन्याचे २९ दागिने होते. वस्तू जागच्या जागी राहिल्यामुळे त्या लाकडी पेटीत कशा रचल्या होत्या, हेही समजले. हातोडीही सापडली, ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आपल्या देशातही १८७८ चा निधीविषयक कायदा आहे. जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते. तसेच संरक्षित किल्ल्यांवर आणि जुन्या वास्तूंच्या आवारात परवानगीशिवाय खणता येत नाही, मग यंत्राचा आकडा कितीही मोठा असो.