पायधुनीचे पाणी कुठे गेले?

शाबान महिन्यातल्या एका रविवारी आमच्या गावाच्या जमातीची बैठक डोंगरीत होती. विषय एकच, गावाच्या खोलीचे काय करायचे. इमारत जुनी झालेली, जिन्याला लाकडी टेकू लावलेले, आणि आता ती पाडून नवी बांधायची बोलणी सुरू झालेली. जमातीपुढे दोन पर्याय होते. नव्या इमारतीत खोली घ्यायची, नाही तर पैसे घेऊन मोकळे व्हायचे.

मुंब्र्याहून निघताना बहिणीचा मुलगा सोबत आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. डोंगरीशी त्याची ओळख रमजानच्या रात्री मिनारा मशिदीजवळ मालपुवा खाण्यापुरती. मस्जिद स्टेशनवर उतरल्यावर त्याने विचारले, "मामू, ह्याला सगळे मस्जिद बंदर म्हणतात. मशीद कोणती आणि बंदर कुठे आहे?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला मला बैठकीच्या दोन तास आधी पोहोचल्याचा फायदा झाला. आम्ही सरळ डोंगरीला न जाता पायीच फिरलो.

मशिदीचे उत्तर ऐकून त्याला आश्चर्य वाटले. स्टेशनचे नाव ज्या मशिदीवरून पडले असे सांगतात, ती मुसलमानांची नाही, ती यहुद्यांची. आपल्या कोकणातलेच, मराठी बोलणारे बेने इस्राईल. त्यांच्यातले सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. बेने इस्राईल लोक आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणत. दुसरे सिनेगॉग झाल्यावर ही झाली 'जुनी मशीद'. जवळचा सॅम्युएल स्ट्रीट अजून त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

बंदर मात्र दाखवता आले नाही. पूर्वेकडे मालधक्के, गोदीच्या भिंती आणि त्यावरून धावणारा फ्रीवे. त्यापलीकडे कुठे तरी समुद्र. 1873 मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाला, भराव पडत गेले आणि किनारा मोहल्ल्यांपासून दूर सरकला. नावे तेवढी जागच्या जागी राहिली. मांडवी म्हणजे जकातीची जागा, आज तिथे मसाल्याचा आणि सुक्यामेव्याचा व्यापार. वाडी बंदर, कर्नाक बंदर, सगळीकडे ट्रक. ह्याच मांडवीत 1896 मध्ये प्लेगचा पहिला रोगी आढळला आणि त्यानंतर शहर सुधारणेच्या नावाखाली दाट वस्त्यांमधून रुंद रस्ते काढले गेले.

तिथून आम्ही मोहम्मद अली रोड ओलांडून शेख मेमन स्ट्रीटवरच्या जामा मशिदीत गेलो. ही मशीद प्रत्येक कोकणी मुसलमानाने एकदा तरी सावकाश पाहायला हवी. आपण बहुधा जोहरला येतो, वुजू करतो आणि निघून जातो. वुजूचा तो हौद नेहमीसारखा बांधलेला हौद नव्हे. तो मशिदीच्या आधीचा जुना तलाव आहे. त्याला जिवंत झरे आहेत. काळ्या दगडाच्या कमानी त्या पाण्यातून वर येतात आणि मशिदीचा भार पेलतात. जागा एका हिंदू मालकाची होती. तलाव बुजवायचा नाही, ह्या अटीवर त्याने ती एका कोकणी व्यापाऱ्याला विकली असे सांगितले जाते. अट पाळली गेली, हे तर डोळ्यांनी दिसते. 1837 मध्ये वरचा मजला चढवणारे मोहम्मद अली रोगेही कोकणीच. ते जहाजमालक होते आणि सर जमशेटजी जीजीभाईंचे व्यापारातले भागीदार.

मशीद पूर्ण झाल्याचे साल दोन शब्दांत बांधलेले आहे, 'जहाज-ए-आखिरत'. आखिरतचे जहाज. भाच्याला मी अबजदचा हिशेब मोबाइलवर करायला लावला. जीम 3, हे 5, अलिफ 1, झे 7, झाले 16. पुढे अलिफ 1, खे 600, रे 200, ते 400, म्हणजे 1201. बेरीज 1217. हिजरी 1217 म्हणजे इसवी सन 1802. पाण्यावर उभी असलेली मशीद आणि ती बांधणारे दर्यावर्दी. ज्याला हे नाव सुचले त्याला अल्लाह जजा देवो. भाचा बराच वेळ पायरीवर बसून मासे पाहत होता. "मामू, म्हणजे समुद्र इथे आला होता का?" समुद्र नव्हे, पण पाणी होते.

समुद्राचे पाणी आले होते ते पुढे, पायधुनीला. महालक्ष्मीच्या खिंडारातून भरतीचे पाणी बेटाच्या मध्यापर्यंत शिरे. ते तुडवून आलेला माणूस इथे पाय धुवून शहरात जाई, म्हणून पायधुनी. 1784 च्या सुमारास गव्हर्नर हॉर्नबीने बांध घालून ते खिंडार बंद केले आणि हळूहळू मधला भाग कोरडा झाला. उमरखाडीतही अशीच खाडी होती. आपल्यातले पुष्कळ लोक ते नाव हजरत उमर (रजि.) यांच्याशी जोडतात, पण जुन्या नोंदींत ते उंबराच्या झाडावरून आले आहे. भेंडी बाजारातही भेंडीची झाडे होती. टिळक आणि आगरकर यांनी 1882 मध्ये 101 दिवस काढले तो डोंगरीचा तुरुंगही ह्याच वस्तीतला.

भाच्याचा खरा प्रश्न मात्र शेवटी आला. आपली माणसे इथेच का राहिली?

कारण कामाला इथून चालत जाता येत होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावांतून माणसे आगबोटीने भाऊच्या धक्क्याला उतरत आणि डोक्यावर बिछाना घेऊन डोंगरीत येत. गावोगावच्या जमातींनी इथे खोल्या घेतल्या होत्या. जहाजावरचा खलाशी, सारंग, भट्टीवाला दोन सफरींच्या मधले दिवस तिथे काढी. भिंतीलगत ट्रंका, दोरीवर कपडे, दरमहा वर्गणी. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला तेव्हा आमचे दादा खोलीत झोपले होते. खिडक्या अंगावर आल्या, असे ते सांगत. हजला जाणारे नातेवाईकही ह्याच खोलीत उतरत आणि मग गोदीतून मुगल लाइनच्या जहाजावर चढत. 1995 मध्ये हजची समुद्रमार्गे वाहतूक थांबली. खलाशांच्या नातवंडांनी आखातातल्या नोकऱ्या धरल्या. 1992-93 च्या दंगलीनंतर कितीतरी कुटुंबे मुंब्र्याला गेली, त्यांत आम्हीही. खोलीत आता गावातून इलाजासाठी आलेला एखादा रुग्ण आणि त्याचा मुलगा राहतो, एवढेच.

बैठक असरनंतर सुरू झाली. तरुणांचे म्हणणे होते, पैसे घ्यावेत आणि गावातल्या मदरशाला द्यावेत. वयस्कर लोक खोली सोडायला तयार नव्हते. एका बुजुर्गांनी 2017 ची आठवण काढली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळून 33 जण गेले. "खोलीत रुग्ण राहतात. उद्या जिना पडला तर जबाबदार कोण?" त्यावर सगळे गप्प झाले. मी स्वतः नवी खोली घेण्याच्या बाजूने बोललो. जे. जे. रुग्णालय इथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे आणि गावाच्या माणसाला मुंबईत रात्री पाठ टेकायला दुसरी जागा नाही. मत नोंदवले गेले. निर्णय ईदनंतर.

बोलणे चालू असताना भाच्याने कपाटातली जुनी वर्गणीची वही काढली होती. पान उलटता उलटता तो थांबला आणि वही माझ्यापुढे धरली. दादांचे नाव, जहाजावर चढल्याची तारीख आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईने, 'बाकी 2 रुपये'. पुढे त्यांच्या नावावर काही जमा नव्हते.

दादांच्या इंतकालाला आता चाळीस वर्षे झाली. भाच्याने खिशातून दोन रुपयांचे नाणे काढून खजिनदारांसमोर ठेवले. ते हसले नाहीत. चष्मा पुसला, पावतीपुस्तक उघडले आणि नाव कोणाचे घालू म्हणून विचारले.

"दादांचेच घाला," भाचा म्हणाला.