सातबाऱ्यात न दिसणारी जमीन

‘दलाल’ या शब्दाला आपल्याकडे मान नाही. मूळ अरबी शब्दात वाट दाखविण्याचा अर्थ आहे. मराठीत मात्र मधल्यामध्ये पैसे खाणारा तो दलाल, असाच अर्थ रूढ झाला. घरावर ‘इस्टेट एजंट’ अशी पाटी लावल्याने लोकांचे मत फारसे बदलत नाही. तथापि हा मनुष्य नेमके काय विकतो, असा प्रश्न विचारून पाहावा. जमीन त्याची नसते, पैसाही त्याचा नसतो. त्याच्यापाशी असते ती माहिती, आणि तीही एका गावापुरती, कधी कधी एका शिवारापुरतीच.

अर्थशास्त्रज्ञ फ्रीड्रिख हायेक यांनी १९४५ साली समाजातील ज्ञानाच्या उपयोगावर एक निबंध लिहिला. शास्त्रीय ज्ञान म्हणजेच सर्व ज्ञान नव्हे. विशिष्ट स्थळाचे आणि विशिष्ट वेळेचेही ज्ञान असते व ते कोणत्याही मध्यवर्ती कचेरीत गोळा करता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. गंमत अशी की, अशा ज्ञानावर चरितार्थ चालविणाऱ्यांची उदाहरणे देताना त्यांनी इस्टेट एजंटाचाही उल्लेख केला आहे. हायेक यांची बाजारपेठेवरील श्रद्धा सर्वांना पटेल असे नाही, पण हे निरीक्षण आपल्या खानदेशात पडताळून पाहण्याजोगे आहे.

सातबाऱ्याचेच उदाहरण घेऊ. गाव नमुना सातमध्ये मालकी व इतर हक्क, बारामध्ये पिकांची नोंद. आता हा उतारा घरबसल्याही पाहता येतो. पण विहीर थोरल्या भावाच्या वाटणीत गेली असून धाकट्याला तिच्यात चार आणे हिस्सा आहे, त्याची पाळी कोणत्या दिवशी येते आणि उन्हाळ्यात त्या पाळीत खरोखर किती वेळ मोटार चालते, हे उताऱ्यावरून कळत नाही. शेतात जायची वाट कोणाच्या बांधावरून जाते आणि त्या बांधकऱ्याशी बोलणे आहे की अबोला, हेही नाही. या दोन गोष्टींवर शेताची किंमत निम्म्यावर येऊ शकते. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात तर भूजल वर्षानुवर्षे खोल जात असल्याने जमिनीच्या कसापेक्षा बोअरवेलची खोलीच आधी विचारली जाते.

घरांच्या प्लॉटचेही असेच. जुनी माणसे गावाची ‘पांढरी’ आणि शेताची ‘काळी’ असा भेद करीत, आणि वस्ती पांढरीवर करीत. तापी खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर तिच्यावरच्या भिंतींना काही वर्षांत तडे जातात. जळगाव शहराने मेहरूण, पिंप्राळा यांसारखी खेडी पोटात घेतली, तेव्हा त्यांची काळीही कॉलनी झाली. प्लॉट पाडल्यावर सगळे तुकडे नकाशात सारखेच दिसतात. कोणत्या तुकड्याखाली पूर्वी नाला होता, हे तेथे गुरे चारलेल्याला ठाऊक असते.

धुळ्यात नदीचाच प्रश्न आहे. इंग्रजी अमलाच्या आरंभी कॅप्टन ब्रिग्जने आखलेल्या या शहराच्या जुन्या भागात अजून गल्ल्यांना नंबर आहेत. १८७२ साली पांझरेला अचानक आलेल्या पुराने येथे घरांचे व मालमत्तेचे फार नुकसान केले. त्यानंतरच्या पुरांच्या खुणा म्हाताऱ्यांच्या बोलण्यात राहतात. ‘आठे पूरनं पानी उनं व्हतं’ हे एक अहिराणी वाक्य प्लॉट घेणाऱ्याला हजारो रुपयांच्या सल्ल्याहून मोलाचे ठरते. त्याच पांझरेवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली असते, एका फडात सर्वांनी ठरल्या प्रकारचे पीक घ्यायचे आणि पाणी पाटकऱ्याने द्यायचे, अशी काही शतकांची रीत. फडातील शेत घेणारा नुसते शेत घेत नाही, त्या शिस्तीत सभासद होतो. बाहेरच्या गिऱ्हाइकाला हे कोणी सांगितले नाही, तर पहिल्याच हंगामात तंटा ठरलेला.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. ‘भोगवटादार वर्ग २’ची जमीन परवानगीवाचून विकता येत नाही. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि तीपूर्वी शासनाची मान्यता लागते. हे निर्बंध १९७४ साली कडक झाले. शहादे तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता आणि तेथे १९७२ पासून श्रमिक संघटनेचा लढा चालू होता. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत देण्याचाही कायदा झाला. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल या तालुक्यांत व्यवहार करणाऱ्याला हा इतिहास ठाऊक नसेल, तर तो गिऱ्हाइकाला खड्ड्यात घालील. आणि ठाऊक असूनही पळवाट सुचवील, तर आदिवासी कुटुंबाला.

येथे खरी अडचण येते. माहिती असणे आणि ती सांगणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दलाली मिळते सौदा झाला तर. ‘या प्लॉटखाली नाला होता’ असे सांगणारा दलाल स्वतःच्या पोटावर पाय देतो. लेव्हिट व सिव्हरसन या अमेरिकन अभ्यासकांनी शिकागो परिसरातील सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. एजंट स्वतःचे घर विकतात तेव्हा ते सुमारे साडेनऊ दिवस अधिक थांबतात आणि ३.७ टक्के अधिक किंमत मिळवितात, असे त्यांना आढळले. गिऱ्हाइकाचे घर मात्र ते लवकर मोकळे करतात. ज्ञान तेच, उपयोग कोणासाठी एवढाच फरक.

महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून ‘महारेरा’ आले. नोंदणीकृत प्रकल्पांतील घरे विकणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची झाली, २०२३ पासून परीक्षाही. हे चांगलेच झाले; परंतु परीक्षेत कलमे विचारता येतात, पांझरेचे पाणी कुठवर आले ते नाही. शिवाय शेतजमिनीचे सौदे या कायद्याच्या कक्षेत येतच नाहीत, आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांत असे सौदे काही थोडे नाहीत.

मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. मार्ग धुळे जिल्ह्यातून जातो. अशा वेळी स्टेशन कोठे होणार, कोणत्या गटातून खांब गेले, ही माहिती प्रथम दलालाला लागते आणि शेतकऱ्याला शेवटी. मधल्या काळात इसार दिला-घेतला जातो. भूसंपादनाची अधिसूचना राजपत्रात गट नंबरांसह प्रसिद्ध होते. ती वाचून आपला गट नकाशावर शोधता येईल, असे निदान एक माणूस आता बहुतेक घरांत आहे. तो आपल्यासारखाच कुठल्यातरी महाविद्यालयात शिकत असतो आणि सुटीत गावी जातो.