चालकाचा परवाना, मालकाची जबाबदारी

बीड, गेवराई, माजलगाव आणि परळी येथील मोंढ्यांचा व्यवहार मालमोटारींच्या चाकांवर चालतो. कापूस, सोयाबीन, सरकी पेंड आणि किराणा माल वाहणाऱ्या अनेक गाड्या व्यापारी कुटुंबांच्याच मालकीच्या असतात. विमा, कर आणि पासिंग यांच्या तारखा तेथे काटेकोरपणे पाळल्या जातात. चालकाचा परवाना मात्र बहुधा त्याच्या खिशातच राहतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार व्यावसायिक वाहन चालविण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात. अशा वाहनाचा शिकाऊ परवाना मिळण्यापूर्वी हलके वाहन चालविण्याचा परवाना किमान एक वर्ष हाती असावा लागतो. त्यासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेचा दाखलाही आवश्यक असतो. आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ मध्ये रद्द झाली. त्यामुळे अल्पशिक्षित तरुणांना हा मार्ग खुला झाला आणि प्रशिक्षणाचे मोल अधिकच वाढले.

१ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रात अवजड वाहनाचा अभ्यासक्रम ३८ तासांचा असून तो सहा आठवड्यांत पूर्ण करावयाचा असतो. त्यात प्रत्यक्ष सरावाबरोबरच वाहतुकीचे नियम, प्रथमोपचार आणि इंधनबचत हे विषयही येतात. येथे उत्तीर्ण होणाऱ्यास परिवहन कार्यालयातील वाहनचाचणीतून सूट मिळते. ज्वालाग्राही वा घातक रसायने वाहण्यासाठी तीन दिवसांचे वेगळे प्रशिक्षण अनिवार्य आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने एक महत्त्वाचा निर्णय दिला. मालासह एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेले मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते, असे त्यात स्पष्ट झाले. लहान टेम्पो बाळगणाऱ्यांना यामुळे दिलासा मिळाला. दहाचाकी मालमोटारीस मात्र ही सवलत लागू नाही.

योग्य परवाना नसलेल्या व्यक्तीच्या हाती गाडी देणाऱ्या मालकास तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. याहून मोठा धोका अपघातानंतरचा आहे. परवान्याबाबत मालकाची हयगय सिद्ध झाल्यास विमा कंपनी पीडितास भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे. मालकाने वाजवी खबरदारी घेतली होती की नाही, हा तेथे कळीचा प्रश्न ठरतो.

म्हणून चालक कामावर ठेवताना मूळ परवाना पाहावा आणि वाहनाचा वर्ग जुळतो की नाही, हे तपासावे. परिवहन विभागाच्या ‘सारथी’ प्रणालीवर त्याची खातरजमा करून प्रत दप्तरी ठेवावी. व्यावसायिक परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. ती तारीख विम्याच्या तारखेशेजारीच नोंदवावी. होतकरू क्लीनरच्या प्रशिक्षणाचे शुल्क पेढीने भरले, तर त्याला जन्माची भाकरी मिळते आणि पेढीला भरवशाचा चालक लाभतो.