रेडिओआयोडीननंतर बाळाचा विचार कधी करायचा?

थायरॉईडच्या कॅन्सरसाठी रेडिओआयोडीन घेतलेल्या स्त्रीला डॉक्टर साधारण ६ ते १२ महिने गरोदरपण टाळायला सांगतात. किरणोत्सर्ग तेवढे महिने अंगात राहतो का? नाही. आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मं होतं, आणि बरंचसं पहिल्या काही दिवसांतच लघवीवाटे निघून जातं.

मग थांबायचं कशाला? कॅन्सर उरला असेल तर दुसरा डोस लागू शकतो आणि तो गरोदरपणात देता येत नाही. साधारण तिसऱ्या महिन्यात बाळाची थायरॉईड ग्रंथी आयोडीन शोषू लागते. या डोसने ती कायमची निकामी होऊ शकते. शिवाय थायरॉक्सिनच्या गोळीचं प्रमाण बसायलाही वेळ लागतो. सुरुवातीला बाळ आईच्याच हार्मोनवर वाढतं. म्हणून दिवस गेल्याचं कळताच टीएसएच तपासायचं. बहुतेकींची गोळी वाढवावी लागते. ‘बाळाला बाधेल’ या भीतीने गोळी बंद करणं मात्र खरंच धोक्याचं.

एवढं थांबल्यावर झालेल्या बाळांमध्ये जन्मजात व्यंगाचं प्रमाण वाढलेलं अभ्यासांत दिसलेलं नाही.

पुरुषांनीही उपचारानंतर किमान ३-४ महिने थांबायचं असतं, कारण नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.